दहा जणांचा एक कान

मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'सेतुध्वनी' कंपनीत त्या सकाळी अकरा माणसे अकरा बंद खोल्यांत बसून एका पुलाचा आवाज ऐकत होती. पूल तिथून दीडशे किलोमीटरवर, कोकणातल्या एका खाडीवर उभा होता. त्याच्या खांबांना आणि तुळयांना चिकटवलेले स्पंदनग्राही त्याची थरथर अखंड टिपत आणि श्रवणकक्षाकडे पाठवत. वरून ट्रक गेला की पूल किंचित कण्हतो, उन्हात ताणतो, भरतीचे पाणी खांबांना लागले की त्याचा सूर उतरतो. असा चार मिनिटांचा ध्वनी ऐकायचा आणि एकच गोष्ट सांगायची : हा पूल दुरुस्तीवाचून आणखी किती दिवस तग धरेल?

डॉ. यमुना शेडबाळे पडद्यावर उमटणारे आकडे पाहत होती. ती संख्याशास्त्रज्ञ. ही अकरा माणसे तिने स्वतः, दोन वर्षे हिंडून गोळा केली होती. सतारी घडवण्यात आयुष्य गेलेले दस्तगीर सतारमेकर होते. नवजात बाळांच्या छातीला वीस वर्षे नळी लावून बसलेल्या सिस्टर रिबेका साळवे होत्या. इचलकरंजीच्या यंत्रमागांवरचा फिटर रघुवीर कोष्टी होता. रुळांवर हातोडी मारत मैलोन् मैल चाललेला रेल्वेचा माणूस होता, टिचकी मारून मडके पारखणारी कुंभारीण होती. आणि अकराव्या खोलीत शेवंताबाई धोत्रे होत्या. खाणीत दगड फोडणाऱ्या वडार समाजातल्या. घणाचा घाव पडल्यावर दगड आतून कुठे चिरला ते त्यांना आवाजावरून कळायचे.

आकडे उमटले. नव्वद. तीनशे दहा. एकशे पंचेचाळीस. दोनशे साठ. सगळ्यात शेवटी शेवंताबाईंचा आवाज आला, "तीन बाजार." त्या दिवसांत मोजत नसत, आठवडी बाजारात मोजत. यंत्राने एकवीस लिहून घेतले.

"एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही," मागून निरंजन मोहोळकर म्हणाले. कंपनीची सूत्रे हाती घेऊन त्यांना जेमतेम सहा महिने झाले होते. "आणि यातून तुम्ही उत्तर काढता."

"सरासरी काढते. एकशे अडुसष्ट."

"म्हणजे नव्वद म्हणणारा चुकला, तीनशे दहा म्हणणारा चुकला, आणि तरी कंपनी बरोबर?"

"हो. कारण ते एकाच बाजूला चुकत नाहीत." यमुनाने कागद ओढला. "समजा, पूल खरोखर शंभर दिवस टिकणार आहे. एक जण साठ म्हणाला, दुसरा दीडशे, तिसरा नव्वद. पहिला चाळीसने चुकला, दुसरा पन्नासने, तिसरा दहाने. पण तिघांची सरासरी काढा."

मोहोळकरांनी मनातल्या मनात बेरीज केली. "शंभर."

"एकाची चूक दुसरा खोडतो. गट किती चुकणार हे दोन गोष्टींवर ठरतं. एकेकटा माणूस सरासरी किती चुकतो, आणि ती माणसं एकमेकांपासून किती वेगळी आहेत. या वेगळेपणाला मी भेदांक म्हणते. पहिल्यातून दुसरा वजा होतो. आपल्या आधीच्या कंपन्या यंत्रांनाच ऐकायला बसवत होत्या ना? यंत्रं हुशार होती, पण सगळी त्याच त्या ध्वनिफितींवर शिकलेली. चुकली की सगळी मिळून चुकायची. म्हणून त्या बुडाल्या आणि आपण तरलो."

मोहोळकर मूर्ख माणूस नव्हते, दुष्ट तर मुळीच नव्हते. त्यांनी बेरीज पुन्हा करून पाहिली. मग म्हणाले, "ठीक आहे. पण पहिली बाजूही आहेच ना? एकेकट्याची चूक कमी झाली तर गट आणखी सुधारेल."

"भेदांक तसाच राहिला तर."

"राहील की. माणसं तीच आहेत."

पुढच्याच महिन्यात त्यांनी श्रुतिपट्टे आणवले. कपाळावरून कानांमागे जाणारा, बोटभर रुंदीचा हा पट्टा ऐकताना मेंदूत उठणाऱ्या लहरी नोंदवून घेई आणि त्याच लहरी दुसऱ्याच्या मेंदूत हळूहळू वळवी. रोज तासभर पट्टा लावून बसले की तीन महिन्यांत शिकाऊ कान उस्तादाच्या कानासारखे ऐकू लागत. उस्ताद म्हणून निवड झाली ती दस्तगीरचाचांची, कारण अकरा जणांत एकेकट्याने सगळ्यात कमी चुकणारे तेच होते.

दस्तगीरचाचा त्या दिवशी नवा सदरा घालून आले होते. "चाळीस वर्षं जवारी काढली, मॅडम," ते यमुनाला म्हणाले. जवारी म्हणजे सतारीच्या घोडीला कानस मारून तारेचा झंकार मोकळा करणे. त्यात केसाएवढी चूक झाली की सतार मुकी होते. "पोरांना शिकवायला गेलो तर पोरं मोबाइलच्या दुकानात बसली. आता इथं माझी विद्या दहा जण घेतात म्हणताना बरं वाटलं बघा."

दहा नव्हे, नऊच जणांनी ती घेतली. शेवंताबाईंनी पट्टा हातात धरून उलटसुलट केला आणि खाली ठेवला.

"ह्यो न्हाई घालायचा मला."

"दुखत नाही, शेवंताबाई," मोहोळकर म्हणाले.

"दुखायचं न्हाई. पर माझ्या डोस्क्यात माझा बाप हाय, माझी आय हाय. त्यांनी शिकवल्यालं हाय. त्यात आनि कुनाला बशीवू?"

कुणी जबरदस्ती केली नाही. चाचणीसाठी जुन्या, उघडून तपासलेल्या साठ पुलांचे आवाज होते. खरे उत्तर ठाऊक असलेले. तीन महिन्यांनी त्या फितींवर सगळ्यांची परीक्षा झाली. नऊ जणांची चूक अर्ध्यावर आली होती. सिस्टर रिबेका तर आनंदाने रडल्या. शेवंताबाई पूर्वीइतक्याच चुकत होत्या, म्हणजे सगळ्यात जास्त. ज्याला दोनशे दिवस होते त्याला त्या पाच बाजार देत, ज्याला शंभर होते त्याला दोन. कायमच कमी.

मोहोळकरांनी यमुनासमोर शेवंताबाईंना कमी करण्याचा कागद ठेवला. कामगिरी असमाधानकारक, प्रशिक्षणास नकार. खाली श्रवणकक्षप्रमुख म्हणून तिची सही हवी होती.

"त्या वेगळ्या आहेत म्हणूनच हव्यात," यमुना म्हणाली.

"वेगळ्या आहेत की नुसत्या चुकीच्या? तुम्हीच सांगा, एकटीच्या भरवशावर तुम्ही पूल चालू ठेवाल?"

"एकटीच्या नाही ठेवणार."

"मग? बाकीच्या नऊ जणांनी रोज मेहनत केली. त्यांनी काय समजायचं?"

तिने दोन दिवस कागद तसाच ठेवला. मोहोळकर चिडले नाहीत, फक्त रोज सकाळी विचारत राहिले. तिसऱ्या दिवशी तिने सही केली. शेवंताबाई पिशवी घेऊन निघाल्या तेव्हा ती मुद्दाम आपल्या खोलीत थांबली.

श्रवणकक्षात आता पडद्यावरचे आकडे जवळजवळ एकसारखे येऊ लागले. एकशे ऐंशी, एकशे ब्याऐंशी, एकशे एकोणऐंशी. पाहुणे आले की मोहोळकर त्यांना मुद्दाम पडद्यापाशी नेत. दहा वेगळ्या धंद्यांतली, वेगळ्या जातीधर्मांची दहा माणसे दहा बंद खोल्यांतून एकच आकडा सांगतात, याहून मोठी खात्री काय हवी? दोन शेजारच्या राज्यांनी आपले पूल 'सेतुध्वनी'कडे सोपवले. दालनाबाहेर दहा जणांचा मोठा फोटो लागला, आणि खरोखरच त्या फोटोत सगळा महाराष्ट्र उभा आहे असे वाटे.

यमुना भेदांक मोजत होती. तो एकेचाळीसवरून अकरावर आला, मग तीनवर. तिने दोनदा टिपण पाठवले. पण पूल उघडून तपासला जातो तो महिन्यांनी, खरे उत्तर तेव्हाच कळते. आणि पट्ट्यांनंतर उघडलेले पहिले सातही पूल अगदी अंदाजाप्रमाणे निघाले. सातही पोलादी होते. तारा आणि पोलाद हा दस्तगीरचाचांचा हातखंडा, हे तिला ठाऊक होते. तरी सातव्या पुलानंतर ती स्वतःच्या सूत्राकडे जरा संशयाने पाहू लागली. तिसरे टिपण तिने लिहायला घेतले आणि अर्ध्यावर सोडले.

बदल झाला होता तो चहाच्या वेळेला. पूर्वी दस्तगीरचाचा आणि रघुवीर कोष्टी रोज हमरीतुमरीवर येत. अमक्या पुलाची तुळई ओरडत होती की खांब, यावरून रघुवीर टेबलावर मूठ आपटायचा, कुंभारीण मध्येच तिसरेच काहीतरी सांगायची, आणि सिस्टर सगळ्यांना गप्प करायच्या. आता कुणी काही म्हटले की बाकीचे माना हलवत. मग चहा होई आणि सगळे उठत.

"भांडायला माणूसच राहिला नाही, मॅडम," चाचा एकदा म्हणाले. "रघू बोलायला लागला की वाटतं, हे तर मीच बोलतोय."

त्याच सुमारास सिस्टर रिबेका यमुनाच्या खोलीत आल्या आणि दार लावून घेतले. दर बुधवारी त्या वस्तीतल्या दवाखान्यात बाळांना तपासायला जात. नोकरी म्हणून नव्हे, मनापासून.

"नातीच्या छातीला नळी लावली की मला ठोका ऐकू येतो, पण बाळ ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"पूर्वी ठोक्याच्या मागं बारीक श्वास सरकल्यासारखं ऐकू आलं की मला कळायचं, हृदयाच्या पडद्याला भोक आहे. आता तिथं झंकार ऐकू येतो. चांगला आहे की वाईट आहे, खुला आहे की बंद आहे, एवढंच कळतं. गेल्या बुधवारी एका बाळाला मी बरं म्हणून घरी पाठवलं. शुक्रवारी ते निळं पडलं." त्यांनी ओठ घट्ट मिटले. "वाचलं ते. पण माझ्यामुळं नाही. मॅडम, माझा कान मला परत द्यायला सांगा."

यमुनाने पट्टा बनवणाऱ्यांशी बोलून पाहिले. त्यांचे उत्तर सरळ होते. पट्टा जुन्यावर नवे बसवत नाही, जुनी वाटच वळवतो. परत वळवायची तर मूळ लहरींची नोंद हवी. नोंद घेतली होती ती फक्त उस्तादाची. शिकणाऱ्यांची घेण्याचे कारणच कुणाला दिसले नव्हते.

ऑक्टोबरच्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, आंबेखोल गावचा पूल कोसळला. प्रवाशांनी भरलेली बस आणि मागून येणाऱ्या दोन मोटारसायकली खाडीत गेल्या. एकोणीस माणसे मेली. बसमधल्या सातजणी तालुक्याच्या गावी परिचारिकेची परीक्षा द्यायला निघालेल्या मुली होत्या.

पूल काँक्रीटचा होता, आतल्या सळया गंजलेल्या. श्रवणकक्षाने त्याचा आवाज बरोबर एक्केचाळीस दिवसांपूर्वी ऐकला होता. दहा जणांची सरासरी दोनशे दहा. सगळ्यात कमी म्हणणारा दोनशे सहा, सगळ्यात जास्त म्हणणारा दोनशे तेरा. एकशे वीसच्या खाली आकडा आला की पूल त्याच दिवशी वाहतुकीला बंद करायचा असा नियम होता. दोनशे दहाला कुणी पापणीसुद्धा हलवली नव्हती.

चौकशी समिती बसली आणि तिने यमुनाला शास्त्रीय अहवाल मागितला. ती अहवाल लिहायला बसली आणि पहिल्या ओळीपुढे सरकेना. तिच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येत होती, ती सही. शेवंताबाई अकराव्या खोलीत असत्या तर?

तिसऱ्या दिवशी दुपारी ती खाणीवर गेली. भर उन्हात शेवंताबाई डोक्यावर पदर ओढून छिन्नीने पाट्याला टाके घालत बसल्या होत्या. यमुनाने सोबत ध्वनियंत्र आणले होते. आठ पुलांच्या फिती, त्यात पाचवी आंबेखोलची. कोणती कुठली ते तिने सांगितले नाही.

"कशापायी ऐकू?" शेवंताबाईंनी मान वर केली नाही. "तवा चुकीची म्हनून काढलीसा. आता काय बराबर झाले व्हय?"

"तुमचं उत्तर बरोबर हवंय असं नाही," यमुना म्हणाली. बोलता बोलता तिला आपलेच शब्द ऐकू आले.

"म्हंजे आता चुकीची म्हनूनच पायजे."

मग यमुनाने खरे ते सांगितले. "शेवंताबाई, पूल पडला. माणसं मेली. तुम्ही असता तर वाचली असती का, एवढंच मला कळून घ्यायचं आहे."

शेवंताबाईंनी छिन्नी ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि कानाला यंत्र लावले. आठही फिती त्यांनी डोळे मिटून ऐकल्या. चार बाजार. सहा बाजार. पाचव्या फितीला त्या मध्येच थांबल्या. "ह्येच्या पोटात पानी शिरलंय. दोन बाजार."

दोन बाजार, म्हणजे चौदा दिवस. पूल एक्केचाळीस दिवस उभा होता. त्या याही वेळी चुकल्या होत्या, नेहमीसारख्या, नेहमीच्याच बाजूला.

यमुना तिथेच, दगडाच्या ढिगावर बसून वहीत बेरीज करू लागली. दहा जणांचे दोनशे दहाप्रमाणे दोन हजार शंभर. त्यात चौदा. अकराने भागले. एकशे ब्याण्णव.

एकशे वीसच्या कितीतरी वर. शेवंताबाई अकराव्या खोलीत बसल्या असत्या, ओरडून दोन बाजार म्हणाल्या असत्या, तरी पूल चालूच राहिला असता. तिच्या सहीने एकोणीस जणांना मारले नव्हते. क्षणभर तिला सुटल्यासारखे वाटले, आणि त्या सुटकेचीच तिला इतकी किळस आली की तिने वही मिटली.

"काय आलं?" शेवंताबाईंनी विचारले.

"तुम्ही असता तरी पूल पडला असता. तुम्ही एकट्या, ते दहा."

"दहा कुठलं?" शेवंताबाई म्हणाल्या. "माझ्याम्होरंच न्हवं, समद्यांनी दस्तगीरभाईचा कान घातला. मग दहा कसं? ते बी एकलंच की."

यमुनाने वही पुन्हा उघडली. एकच माणूस दहा खोल्यांत बसवला आणि दहा वेळा विचारला, तर त्याला दहा मते म्हणत नाहीत. दस्तगीरचाचांचे एक, शेवंताबाईंचे एक. दोनशे दहा आणि चौदा. दोनाने भागले. एकशे बारा.

एकशे बाराला पूल बंद झाला असता.

आणि पट्ट्यांआधीची ती नऊ माणसे काय म्हणाली असती? ते आता कुणालाच कधी कळणार नव्हते. त्यांचे जुने कान जगात कुठेच उरले नव्हते.

अहवाल तिने आठवडाभरात पुरा केला. आयुष्यात काही इतक्या तळमळीने तिने लिहिले नव्हते. कंपनीचे यश कधीच एका उत्तम कानात नव्हते, ते वेगवेगळ्या कानांच्या अंतरात होते. माणसांचे चेहरे, जाती, धंदे वेगळे ठेवून त्यांचे ऐकणे एक केले, की फोटो तसाच राहतो आणि गट मरतो. दस्तगीर सतारमेकर यांच्यासह दहाही श्रोते एकाच श्रोत्याच्या नकला आहेत, त्यांच्या मतांची बेरीज करणे ही गणिती फसवणूक आहे. तिने सगळे कोष्टकांसह मांडले. शेवटी शिफारस लिहिली : यापुढे देशातल्या प्रत्येक श्रवणकक्षात केवळ स्वतंत्र कानच मोजले जावेत, आणि भेदांक जाहीर करावा. समितीने ती शब्दशः स्वीकारली. तसा नियमच झाला.

मोहोळकरांनी तिला बोलावले तेव्हा ते त्या काही महिन्यांत पंधरा वर्षांनी म्हातारे दिसत होते.

"तुम्ही बरोबर होता," ते म्हणाले. "मी पट्टे जाळून टाकायला सांगितलेत. तुमचा अहवाल अक्षर न् अक्षर पाळायचा आहे. शेवंताबाईंना परत बोलावू. महिनाभरात आणखी नऊ जण शोधा. गडचिरोलीला जा, पालघरला जा, कुठंही जा. खरे वेगळे. दोन राज्यांचं काम अजून आपल्याकडे आहे, भेदांक दाखवला तर ते टिकेल."

"आणि आताचे दहा?"

मोहोळकरांनी अहवाल तिच्याकडे सरकवला. चौदाव्या पानावर त्यांनी एका वाक्याखाली रेघ मारली होती. तिचेच वाक्य.

"दहा म्हणजे एक," ते म्हणाले. "तुम्हीच सिद्ध केलंय. नवीन नियमाप्रमाणे त्यांच्यातला एकच मोजता येतो. नऊ जणांना मी कुठं बसवू? ते जे सांगतील ते मला आधीच ठाऊक असेल."

"त्यांना तसं आपण केलंय!"

"हो. मी केलंय. मला झोप लागत नाही. पण तुम्ही मला सांगा, दया म्हणून एकाच मताला दहा खुर्च्या दिल्या तर पुढचा पूल पडेल की नाही?"

यमुनाने उत्तर शोधले. सूत्रात ते नव्हते. देशातला दुसरा कुठला श्रवणकक्षही त्यांना घेणार नव्हता. भेदांकाच्या पहिल्याच चाचणीत ते दस्तगीरचाचांची नक्कल म्हणून बाद ठरले असते. आणि जुन्या धंद्यात परत जावे तर सिस्टर रिबेकांना ठोक्यामागे बाळ ऐकू येत नव्हते, कुंभारणीला मडक्याची चीर कळत नव्हती.

"एकाला ठेवू," ती कसेबसे म्हणाली. "निदान दस्तगीरचाचा राहतील. कान त्यांचाच आहे."

मोहोळकरांनी मान खाली घातली. मग टेबलावरून दुसरा कागद काढून दिला. दहा जणांच्या कानांची ताजी तपासणी होती. ऐकण्याची पद्धत दहाही जणांची सारखी, शंभरात अठ्ठ्याण्णव. फरक होता तो फक्त वयाचा. सदुसष्ट वर्षांच्या दस्तगीर सतारमेकरांना वरचे बारीक सूर ऐकू येईनासे झाले होते. चौतीस वर्षांच्या रघुवीर कोष्टीला ते लख्ख ऐकू येत होते.

"एकच ठेवायचा, तर त्यातला उत्तम ठेवावा लागेल," मोहोळकर म्हणाले. "चाचांचा कान चाचांपेक्षा रघुवीरच्या डोक्यात चांगला चालतो."

ही बातमी सांगायला यमुना स्वतः गेली. शेवंताबाई निघाल्या तेव्हा ती खोलीत लपून बसली होती. या वेळी तिने तसे केले नाही. सतारमेकर गल्लीत, दुपारच्या वेळी, दस्तगीरचाचा एकटेच दुकानाच्या ओट्यावर बसले होते. तिने सगळे सांगितले, काही लपवले नाही. नऊ जणांची नावे सांगितली. नववे त्यांचे.

समोरून एक बाई भाजीची पिशवी घेऊन गेली, तिला चाचांनी सवयीने सलाम केला.

"शेवंता येणार का परत?"

"येते म्हणाल्या. माणसं मेली म्हणून येते, म्हणाल्या."

"बरं झालं. आणि माझ्या जागी रघू?"

"हो, चाचा."

त्यांना राग येईल, ते ओरडतील, असे तिला वाटत होते. तिला ते हवेही होते. पण चाचांनी मनातल्या मनात काहीतरी तपासून पाहिले, एखादी सतार गिऱ्हाइकाला देण्याआधी पाहतात तसे, आणि मान डोलावली.

"बरोबर ऐकतो तो," ते म्हणाले. "मी ऐकायचो, अगदी तसंच."